‘एकूण’ दिसलं की बेरीज

गणितात पैकीच्या पैकी मार्क पडावेत, पण त्या नादात मुलाला विचारबिचार करायची सवय लागू नये, अशी काळजी असलेल्या नाशिककर पालकांनी घाबरून जाऊ नये. दोन्ही एकदम साधतं. फक्त सुरुवात लवकर करायला हवी. तिसरी-चौथीत पोर एकदा स्वतःच्या डोक्याने उदाहरण सोडवायला लागलं की पुढे ती खोड मोडणं जड जातं.

आधी शाब्दिक उदाहरण वाचणं बंद करा. उदाहरण वाचायचं नसतं, त्यातले आकडे उचलायचे असतात. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. ‘प्रत्येकी’ असेल तर आकड्यांकडे नीट बघायचं: भाग जात असेल तर भागाकार, नसेल जात तर गुणाकार. दुकानदाराने पेरू विकले की पंखे, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? ही पद्धत परदेशातही चालते. 1980 च्या आसपास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं, जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी वय काढून दिलं. आणि 36 हे कप्तानाला शोभतंही.

अमेरिकेत 1983 साली 13 वर्षांच्या मुलांना एक उदाहरण घातलं होतं: 1128 सैनिक, एका बसमध्ये 36 बसतात, तर बस किती लागतील? भागाकार बहुतेकांनी बिनचूक केला. त्यानंतर शेकडा 29 मुलांनी उत्तर लिहिलं, ‘31 बस, बाकी 12’. बरोबर उत्तर, म्हणजे 32, लिहिणारी शेकडा 23 निघाली. यावर तिकडचे अभ्यासक अजून हळहळतात. आपण कशाला हळहळायचं? निमाणीच्या बसस्टँडवर उभं राहून बघा. ते 12 जण 31 बसमध्येच उभे राहतात आणि कंडक्टर वरून ‘पुढे सरका’ म्हणतो.

मूल अडकलं की मात्र हयगय नको. अडकलेलं मूल ओळखायला सोपं असतं. पेन्सिलीचं मागचं टोक चावतं, पंख्याकडे बघत बसतं, हाक मारली तर ओ देत नाही. हा फार नाजूक काळ. याच वेळात ते वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून बघतं, मोठे आकडे टाकून लहान घेतं, नाहीतर उत्तर माहीत आहे असं धरून उलट्या दिशेने निघतं. अजून दहा मिनिटं असंच सोडलं तर त्याला रस्ता सापडायची दाट शक्यता असते, आणि एकदा सापडला की पुढच्या खेपेला ते पंख्याकडे बघायला आपणहून तयार होतं. म्हणून ताबडतोब मोबाइल काढा, उदाहरणाचा फोटो घ्या, ॲप पायऱ्यांसकट उत्तर देईल. पायऱ्या उतरवून घेताना मूल अजिबात पंख्याकडे बघत नाही.

दहावीत तर विचाराला जागाच नाही, हे मंडळाने वेळापत्रकातच सोयीचं करून ठेवलंय. बीजगणिताचा पेपर 40 मार्कांचा, भूमितीचाही 40 चा, प्रत्येकाला दोन तास. दर मार्काला तीन मिनिटं पडतात. त्यात समास आखायचा, पुरवणी बांधायची, विचार कधी करायचा? पायथागोरसचं प्रमेय पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं आरतीसारखं पाठ हवं. लंब त्याच शिरोबिंदूतून का टाकला, हे विचारलं तर सांगा, पुस्तकात टाकलाय म्हणून. त्रिकोणाची अक्षरंही तीच ठेवा. एबीसीचा सराव झालेल्या मुलासमोर पीक्यूआर त्रिकोण आला की त्याला घाम फुटतो, आणि फुटू द्यावा, त्याची चूक नाही. पालकांच्या ग्रुपवर ‘पेपर फार ट्विस्टेड होता’ एवढं टाकलं की पुरे.

शाळेपेक्षा खरा धोका बाहेर आहे, त्यातही पावसाळ्यात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर गोदेच्या घाटावर दुतोंड्या मारुती बघायला जातं; पूर किती चढला ते त्या मूर्तीवरून मोजतात. पोराला नेऊ नका. नेलंच, तर ते विचारणार: काल अमुक क्युसेक सोडलं तेव्हा पाणी मारुतीच्या गुडघ्याला होतं, आज दुप्पट सोडलं, मग ते दुप्पट उंच का नाही चढलं? प्रश्न भयंकर आहे. समप्रमाणाचा आख्खा धडा यात बुडतो. नदी वर चढते तशी दोन्ही काठांवर पसरतही जाते, वेगही बदलतो, म्हणजे ‘दुप्पट तर दुप्पट’ हा नियम कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे पोराला तिथे उभ्या उभ्या कळू लागतं. धरणातून सुटलेलं पाणी घाटावर यायला किती वेळ लागेल, हा उपप्रश्न तयारच असतो. ‘हे परीक्षेला नाही,’ म्हणा आणि मिसळ खायला घेऊन जा. पुस्तकातला दोन नळांचा हौद बरा. तो कुठे पसरत नाही.

आणि देवळालीपासून जपा. तिथे 1930 ते 1962 दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधनाची नोकरी नाही, फावल्या वेळात नुसते आकड्यांशी खेळायचे. गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी 1975 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कापरेकरांचं जगभर नाव झालं. त्यांचा संसर्ग अजून टिकून आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. सिंहस्थाचं साल घेऊ, 2027. 7220 वजा 0227 म्हणजे 6993. मग 6264, मग 4176, मग 6174. आता 6174 घेऊन करा, पुन्हा 6174 च येतं. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत गाडी तिथे येऊन थांबते.

यात एक मार्क नाही, पण पोर जेवायला उठत नाही. आधी स्वतःची जन्मतारीख घालतं, मग स्कूटरचा नंबर, मग शेजाऱ्यांच्या स्कूटरचा. मग विचारतं, तीन अंकी घेतली तर? (495. सांगू नका, ते स्वतः काढेल आणि आणखी बिघडेल.) मग विचारतं, सातच्या आत का? इथे तुम्हालाही उत्तर येत नसतं, आणि ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ हे वाक्य याच प्रसंगासाठी राखून ठेवलेलं असतं.

एवढं सांभाळलंत तर दहावीला शंभरच्या आसपास मार्क कुठे जात नाहीत, आणि कॉलेज रोडच्या फ्लेक्सवर फोटो झळकतो. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला एम-वनचा, म्हणजे गणिताचा पहिला पेपर समोर येतो, त्यात ‘एकूण’ हा शब्द नसतो आणि ‘प्रत्येकी’ही नसतो. काळजीचं कारण नाही. त्याचेही क्लास आहेत, केटी लागायच्या, म्हणजे विषय राहायच्या आत नाव घातलं तर फीमध्ये सवलत मिळते. किती मिळते, ते पोराला काढायला सांगू नका. क्लासवाले काढून देतात.