छंद जडावा तर मनोऱ्याचा

पक्ष्यांचे फोटो काढणारे उदंड झाले. हातभर लांब लेन्स नसेल तर त्यांच्यात कुणी चहालाही विचारत नाही. तुम्ही आपले रेडिओच्या मनोऱ्यांचे फोटो काढा. मनोरा उडून जात नाही, पहाटे चारला उठायला लावत नाही, आणि स्पर्धा म्हणाल तर सध्या फक्त तुम्ही आणि मी.

सुरुवात सहकुटुंब करावी. रविवारी सिंहगडावर जा. बाकीची मंडळी पिठलं-भाकरी आणि कल्याण दरवाज्यात वेळ दवडतील, तुम्ही दूरदर्शनचा मनोरा गाठा. रेडिओचा नव्हे म्हणून नाक मुरडू नका, हात बसायला बरा आहे. फक्त बायकोला "जरा फ्रेममधून बाजूला हो" हे हळू आवाजात सांगा.

हात बसला की मध्यम लहरींकडे वळा. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ घ्या. तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर, म्हणजे पाव लांबीचा मनोरा म्हटला तरी ९५ मीटर. अडाणी माणूस टोकाकडे बघतो, तुम्ही पायाकडे बघा. इथे मनोऱ्यावर अँटेना नसते, मनोरा हीच अँटेना. त्यामुळे त्याला जमिनीला टेकता येत नाही. आजीची लोणच्याची बरणी ज्या जातीची, त्याच चिनीमातीच्या इन्सुलेटरवर ते सगळं लोखंड तोलून धरलेलं असतं. शेजारी धातूचे दोन गोळे, मध्ये थोडी फट. वीज कोसळली तर तिनं तिथून उडी मारून मुकाट्यानं जमिनीत जावं, अशी सोय. काही ठिकाणी दोन मोठी कडी दिसतील, साखळीच्या दुव्यांसारखी एकमेकांत अडकलेली, पण एकमेकांना न शिवणारी. वरच्या लाल दिव्यांची वीज त्यांच्यातून जाते. लग्नाच्या फोटोग्राफरांनी हा देखावा अजून कसा सोडला, नवल आहे.

हे सगळं झूम करून, कुंपणाबाहेरूनच टिपा. चालू मनोऱ्याला हात लावलात तर पुढचा फोटो तुमचा, आणि तोही हार घातलेला.

आता कायदा. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, आणि त्यात सरकारी वायरलेस स्टेशन प्रतिबंधित ठिकाणांत मोडतं. मुंबईत रेडिओ क्लबनं हौशी प्रसारण सुरू केलं तेही १९२३ सालीच. छंद आणि कलम एकाच वर्षीचे, पत्रिका जुळणारच. तेव्हा गुपित नीट समजून घ्या. ते शे-शंभर मीटर उंच असतं, वैमानिकाला दिसावं म्हणून त्याला लाल-पांढरे पट्टे मारतात आणि रात्री दिवे लावतात. हडपसरला तर बसथांब्याचं नावच आकाशवाणी. कंडक्टर दिवसभर हे गुपित ओरडून फोडतो. कॅमेरा मात्र तुम्ही पिशवीतच ठेवा.

स्टुडिओ त्या मानानं सोपा. दोन जाड दारं, भोकाभोकांच्या भिंती, आणि आवाज उलटून माइकवर येऊ नये म्हणून जरा तिरकी बसवलेली काच. फोटोत ती कधीच सरळ येत नाही, आणि घरचे म्हणतात कॅमेरा वाकडा धरलाय. खासगी एफएमच्या स्टुडिओत स्पंज आणि कॉम्प्युटर, बाकी काही नाही. त्यापेक्षा त्यांचा मनोरा शोधा. बऱ्याच शहरांत एकच असतो. दिवसभर 'आम्हीच नंबर एक' म्हणणारे सगळे कम्बाइनर नावाच्या, सगळ्यांना एकत्र आणणाऱ्या यंत्रातून एकाच अँटेनात शिरतात आणि गुण्यागोविंदानं आकाशात जातात. असा एकत्र कुटुंबाचा फोटो दुसरीकडे मिळायचा नाही.

आत जायचं तर रीतसर अर्ज करा. 'कारण' या रकान्यात 'छंद' असं चुकूनही लिहू नका. मी लिहिलं होतं. एका केंद्राच्या फाटकावर अर्ज घेऊन उभा होतो. रखवालदारानं अर्ज उलटा धरून वाचला आणि विचारलं, "कुठल्या बिल्डरकडून?" मनोऱ्याभोवती एवढी मोकळी जमीन, तीही शहरात. तिच्याखाली तांब्याच्या तारा पसरलेल्या असतात हे बघायला कोण येणार? मी खरं सांगितलं आणि तासभर उन्हात राहिलो. माझ्यामागून मोजणीवाले आले, त्यांना खुर्च्या मिळाल्या. तुम्ही टेप घेऊन जा.

शेवटी निवृत्तीला टेकलेले एक इंजिनिअर बाहेर आले. "फोटोला परवानगी नाही," म्हणाले. मग आत नेलं. हात लांब करून कपाटाएवढा जुना ट्रान्समीटर दाखवला, बंद पडलेला. त्याचा व्हॉल्व्ह टेबलावर पेपरवेटसारखा ठेवलेला होता, बाळाला धरावं तसा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. पाऊण तास बोलत होते, आणि दर पाच मिनिटांनी "फोटो नाही हं" म्हणत होते.

निघताना त्यांनी दार लोटलं, शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि ट्रान्समीटरला खेटून उभे राहिले.

"मोबाईलवरच काढा. आणि मागचं मीटर आलं पाहिजे."