रेसिंग कंपनीचं, चिखल आमचा

गाडीच्या जाहिरातीत ‘रेसट्रॅकवरून थेट रस्त्यावर’ असं वाचलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कोणत्या रस्त्यावर भाऊ? यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दिवसभर चेनसेट, ब्रेकशू, कोनसेट विकतो आणि रात्री मोबाईलवर मोटोजीपी, म्हणजे दुचाकींची सगळ्यात वरची जागतिक शर्यत, पाहतो. घरचे म्हणतात दोन्हीकडून डोकं गाड्यातच. असू द्या. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

परवा दुकानात पोरांचा वाद लागला, खरी रेसिंगवाली कंपनी कोणती. ड्यूकवाला म्हणे, “केटीएमच! बाकीच्याईचं नुसतं स्टिकर हाये.” टीव्हीएस अपाचीवाला म्हणे, “आमच्या गाडीवर तं रेसिंग लिहूनच असते बे.” स्प्लेंडरवाला गप्प. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, त्याला ते माहीत नव्हतं इतकंच.

कंपनी रेसिंगमध्ये किती खोल उतरली हे मी कपाटातल्या ट्रॉफ्यांवरून मोजत नाही. हरत असताना किती वर्षं थांबली आणि तिथून शिकून आपल्यासारख्यांच्या साध्या गाडीत काय आणलं, एवढंच पाहतो.

होंडाचं घ्या. १९५४ साली सोइचिरो होंडांनी जाहीर केलं की आम्ही ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या नावाजलेल्या टीटी शर्यतीत उतरणार. तेव्हा युरोपात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. प्रत्यक्ष उतरायला १९५९ उजाडलं आणि १२५ सीसीत सहावा नंबर आला. १९६१ ला माइक हेलवूडनं होंडावरच १२५ आणि २५० अशा दोन्ही शर्यती मारल्या. घोषणेपासून विजयापर्यंत सात वर्षं गेली. पुढे १९६७ नंतर ग्रां प्री, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतींची जागतिक मालिका (मोटोजीपी हा तिचाच आजचा वरचा गट), सोडली; १९७९ ला परत आले ते लंबगोल पिस्टनचं एनआर ५०० घेऊन. त्या गाडीनं एकही ग्रां प्री जिंकली नाही. सगळं जग टू-स्ट्रोक पळवत होतं आणि हे फोर-स्ट्रोकचा हट्ट धरून बसले होते. शेवटी हट्ट सोडला, टू-स्ट्रोक बनवली आणि १९८३ ला फ्रेडी स्पेन्सरनं त्यांना ५०० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. लहान इंजिन ताणून फिरवायचं आणि तरी टिकवायचं, ही अक्कल त्या शर्यतींतूनच आली असं माझं मत आहे. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, तिच्या इंजिनाच्या पुढच्या पिढ्या आजही आमच्याकडे दुधाच्या कॅना वाहतात.

आता सुझुकी. २०२० ला जोआन मीर त्यांच्या गाडीवर जगज्जेता झाला. करार २०२६ पर्यंतचा होता, पण २०२२ संपताच दुकान बंद. जाताजाता व्हॅलेन्सियाची शेवटची शर्यतही जिंकून गेले! जिंकणारी टीम हिशेबाच्या वहीपायी मोडली. कावासाकीनंही २००८ नंतर मोटोजीपी सोडली होती, पण ते सुपरबाइककडे वळले आणि जोनाथन रेनं २०१५ ते २०२० सलग सहा वेळा जगज्जेतेपद आणलं.

मोटोजीपी आणि सुपरबाइकमधला फरक आमच्याकडे शंकरपटावरून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवरून, पटकन समजतो. पटाची जोडी कुणी शेतात डवऱ्याला जुंपत नाही. तिचा खुराक वेगळा, मालिशवाला वेगळा. मोटोजीपीची गाडी तशीच, फक्त पटासाठी पाळलेली, बाजारात मिळतच नाही. सुपरबाइक म्हणजे शोरूममध्ये विकतात तीच गाडी, शर्यतीसाठी तयार केलेली. मला ही दुसरी जास्त प्रामाणिक वाटते. डुकाटीवाले रागावतील, पण डुकाटी वर्षाला ५०-६० हजार गाड्या विकते, त्याही श्रीमंतांना. तिचं रेसिंग हीच तिची जाहिरात. हिरो वर्षाला ५० लाखांच्या वर विकते. तिनं रेसिंग का करावं, हा प्रश्न मला जास्त गमतीचा वाटतो.

त्याआधी महिंद्राचं सांगू द्या, कारण ते मला अजून बोचतं. आमच्याकडे महिंद्रा म्हणजे ट्रॅक्टर आणि बोलेरो. पण २०११ पासून ही कंपनी ग्रां प्रीच्या लहान गटात होती, आधी १२५ मध्ये, मग मोटो ३ मध्ये. सुरुवातीला पार मागे. तरी टिकली. २०१६ ला नेदरलँड्समधल्या असेनमध्ये महिंद्रावर बसलेल्या एका इटालियन पोरानं शर्यत जिंकली. त्याचं नाव फ्रान्चेस्को बन्याया. ग्रां प्रीमधला त्याचा तो पहिला विजय, भारतीय कंपनीच्या गाडीवर! २०१७ संपलं आणि महिंद्रानं गाशा गुंडाळला. बन्याया डुकाटीवर २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता झाला. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली तेव्हा आपला देश यजमान होता, पण मुख्य शर्यतीत भारतीय कंपनीची एकही गाडी नव्हती. तिकीट काढून दुसऱ्याचं लग्न पाहायला गेल्यासारखं. महिंद्राच्या मोटरसायकली खपत नव्हत्या, हे खरं. पण ज्या गाडीनं जगज्जेता घडवला तिच्यातला एक नटही शोरूमपर्यंत पोचला नाही, याला मी अर्धवट सोडलेलं काम म्हणतो.

हिरोनं वेगळी वाट धरली, गुळगुळीत ट्रॅक सोडून डाकार, म्हणजे वाळवंटातून टप्प्याटप्प्यानं चालणारी लांबलचक रॅली. २०१६ ला टीम केली, २०१७ ला पहिली डाकार. २०२० च्या जानेवारीत त्यांचा रायडर पाउलो गोन्साल्विस सौदीच्या वाळवंटात पडला आणि गेला. टीमनं ती रॅली तिथेच सोडली. पुढच्याच वर्षी आपला सी. एस. संतोष पडला, डोक्याला जबर मार लागला. एखाद्या कंपनीनं इथे हात जोडले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. २०२२ ला गोन्साल्विसचा मेहुणा जोआकिम रॉड्रिग्ज यानं हिरोवर डाकारचा एक टप्पा जिंकला. भारतीय कंपनीचा तो पहिलाच. २०२४ ला बोत्स्वानाचा रॉस ब्रांच एकूण दुसरा आला आणि त्याच वर्षी रॅली-रेडचा, म्हणजे अशा लांबच्या रॅल्यांच्या मालिकेचा, जगज्जेता झाला. गप्प बसलेल्या स्प्लेंडरवाल्याला मी हेच सांगितलं. पोरगं मोबाईलवर खात्री करून मग हसलं.

या रेसिंगमधून निदान एक्सपल्स २०० ही गाडी तरी आली. २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, पुढच्या शॉकअपची हालचाल १९० मिलिमीटर, रॅली किट लावली की २५०. ही शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्याची भाषा आहे.

टीव्हीएसचं थोडक्यात. १९८२ पासून त्यांची रेसिंग टीम आहे, डाकारमध्ये शेर्को या फ्रेंच कंपनीसोबत उतरले, २०२४ ला हरिथ नोआ रॅली २ या दुसऱ्या फळीच्या गटात पहिला आला. त्यांच्या वन-मेक स्पर्धेत सगळ्यांना सारखीच गाडी, म्हणजे पोरांचा कस लागतो. अपाचीवाल्याच्या स्टिकरला आधार आहे म्हणायचा. पण ट्रॅक कुठे, तर कोइम्बतूर आणि चेन्नईकडे. यवतमाळच्या पोरानं हजार किलोमीटर जायचं, सूट-हेल्मेटचे पैसे भरायचे, आणि घरी कापसाचा चुकारा अजून यायचा असतो.

केटीएमचं नाव मोठं, २००१ ते २०१९ डाकार त्यांनी दुसऱ्याला जिंकूच दिली नाही. तीच कंपनी २०२४ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली आणि बजाजला पैसा ओतून सावरावी लागली. लगेच लोक म्हणाले, रेसिंगनं बुडवलं. खर्च होताच, पण न विकलेल्या गाड्यांचे ढीग लागले होते ते का विसरायचे?

आता माझं मागणं. कोणत्याही कंपनीची शंभर सीसी घ्या आणि जुलैत काळ्या रानात घाला. चिखल टायर आणि पुढच्या मडगार्डच्या मधे भरतो, थापत थापत घट्ट होतो, मग चाक फिरतच नाही. मागे युरियाची बॅग, खाली उतरून माणूस तुराटीनं चिखल उकरतो. थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. काहीजण मडगार्ड काढूनच टाकतात, मग चिखल थेट तोंडावर आणि प्लगवर. आमचा मिस्त्री वेल्डिंगवाल्याकडून दोन पट्ट्या करून मडगार्ड चार बोटं वर घेतो.

डाकारच्या गाडीचं मडगार्ड पाहा. चाकापासून हातभर वर, हेडलाइटच्या खाली. असं का, हे त्या इंजिनिअरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग हे शंभर सीसीत यायला कोणतं नवं इंजिन लागतं? खेड्यातल्या गिऱ्हाइकाला दोन उंचीचं मडगार्ड निवडायला द्या, जास्तीचे दोनशे-तीनशे रुपये तो हसत देईल. कोणत्या कंपनीच्या माणसाला बघायचं असेल तर जुलैत या. पांदण मी दाखवतो, तुराटी पण देतो.