गो दाब की!

आमच्या ट्रेझरीत, म्हणजे पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या खात्यात, ब्लूमबर्गचं टर्मिनल एकच. टर्मिनल म्हणजे बाजारातले भाव आणि आकडे दाखवणारं यंत्र. वर्षाचं भाडं २०,००० डॉलरच्या वर, त्यामुळे माणशी एक घेण्याची ऐपत नाही. हौस मात्र प्रत्येकाला. सगळ्यांत ज्युनियर मी. म्हणून खुर्चीत मी, आणि खुर्चीमागे बाकीचं खातं.

सकाळी नऊच्या आधीच मागून पहिली आरोळी येते, "वेई लाव गं!" डब्ल्यू, ई, आय, मग 'गो'ची हिरवी कळ. रात्रभरात जगातल्या निर्देशांकांनी काय दिवे लावले ते काळ्या पडद्यावर हजर. ते वाचून होईपर्यंत दुसरा म्हणतो, "ईसीओ बघ, आज कुठले आर्थिक आकडे यायचे आहेत?" ई, सी... "ते राहू दे, आधी रुपया!" यूएसडीआयएनआर, 'करन्सी'ची पिवळी कळ, आणि मी गोवर बोट ठेवायच्या आत तिघं एका सुरात: "गो दाब की!"

यंत्राबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्याला 'कृपया' लागत नाही, व्याकरण लागत नाही. डीईएस टाका, कंपनीची कुंडली येते. जीपी टाका, आलेख. एचपी, जुने भाव. १९८१ साली मायकेल ब्लूमबर्ग सॉलोमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेतून बाहेर पडले ते एक कोटी डॉलर घेऊन, आणि त्यातून हा उद्योग उभा राहिला. मला उद्या काढलं तर माझ्याकडे पीएफ असेल आणि जीपी, एचपी तोंडपाठ असतील.

खरी गंमत आयबीची. शेअरच्या लघुनावापुढे आयएन लावलं की भारत, आयएस लावलं की एनएसई, आयबी लावलं की बीएसई. पण नुसतंच आयबी टाकून गो दाबलं, तर गप्पांची खिडकी उघडते. "आयबीचा भाव काढ," असं सांगताना कंपनीचं नाव सांगायचं असतं हे मागच्या मंडळींच्या गावीही नसतं. मी निमूटपणे सांगितलं तेवढंच टाइप करते. मग कुणीतरी काल संध्याकाळी ब्रोकरशी बोनसबद्दल काय रडगाणं गायलं होतं ते सगळे मिळून वाचतात. भाव राहतो बाजूला.

आणि माउस! चुकून त्याला हात लागला की मागून 'च्च' ऐकू येतं. मेनू उघडून, वाचून, शोधून काम करणं म्हणजे कमीपणा. कमांड पाठच हवी. पाठ असलेल्यांना ती कुठून कळली हे मात्र ते सांगत नाहीत. विचारलं तर "अनुभव" म्हणतात आणि चहाला जातात. डीआयएनई ही हॉटेलं शोधायची कमांड आहे, ती मात्र सगळ्यांना ठाऊक. बीकेसीत जेवून परवडत नाही, पण बघायला काय जातं?

त्यांचा अनुभव कुठून येतो ते मला परवा कळलं. हेल्पची कळ एकदा दाबली की माहितीचं पान येतं; लागोपाठ दोनदा दाबली की पलीकडे जिवंत माणूस. मी एका सरकारी रोख्याचं काहीतरी विचारायला ती दाबली, तर जुने सगळे प्रश्न वर दिसत होते. शंका भाबड्या, वेळ बरोबर जेवणाच्या सुट्टीची, आणि खाली सही 'अनुभव'वाल्यांची. मी शेवटच्या प्रश्नापर्यंत आले, तेवढ्यात मागून हात पुढे आला आणि त्यानं लाल कॅन्सल दाबलं.

"वेई लाव," आवाज आला. दुपारचे चार वाजले होते.