दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: पाणी गळलं नाही, गाडीने सोडलं

नमस्कार,

सप्टेंबरात उत्तर फिनलंडमधल्या (लॅपलँड) रोव्हानिएमीहून आमचं मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन आपण इनारी, उत्स्योकी, नुओर्गाम आणि पुढे नॉर्वेत वाद्सोपर्यंत गेलात. आपल्या तक्रारी चार: रात्रीत पाण्याची टाकी रिकामी झाली, गॅसचा दुसरा सिलिंडर रिकामाच दिला होता, परतताना वेळेत पोचूनही नुओर्गामच्या कॅम्पिंगचं ऑफिस बंद मिळालं, आणि टॉयलेटचे 80 युरो लावले. पहिल्या तक्रारीत आमची चूक आहे, पण आपण लिहिलीत ती नाही.

टाकी फुटकी नव्हती. मागच्या बेडखाली बॉयलरला लागून एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आसपासचं तापमान साधारण 3 अंशांखाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं 10 लिटर पाणी गाडीखाली सोडून देतो. ते पाणी आत गोठलं तर बॉयलर फुटतो, म्हणून ही सोय. आमच्या गाड्यांतला पंप पाइपातला दाब उतरला की स्वतःहून सुरू होतो, त्यामुळे बॉयलरच्या मागोमाग टाकीतलं पाणीही त्याच वाटेने गेलं. झोपताना पंपाचं बटण बंद केलं असतं तर टाकी भरलेली राहिली असती.

सकाळी व्हॉल्व्हचं बटण दाबलं तरी परत वर येत होतं, म्हणून आपण तो बिघडल्याचं लिहिलंत. बिघडला नव्हता. तिथलं तापमान 7 अंशांच्या वर गेल्याशिवाय ते बटण बसतच नाही. अशा वेळी आधी हीटर लावायचा (पाणी नसतानाही तो हवा गरम करतो), बेडखालच्या कप्प्याचं दार उघडं ठेवायचं, अर्धा तास थांबायचं. मग व्हॉल्व्ह बंद करून पाणी भरायचं. बटणात काडी खोचून ते दाबून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बॉयलर गेला तर भुर्दंड मोठा असतो.

गाडीत ऊब असताना तिथेच एवढं गार का झालं, याचं उत्तर आपल्याच फोटोत दिसतं. दोन मोठ्या बॅगा बेडखाली गरम हवेच्या पाइपाला चिकटून ठासल्या आहेत. त्यात गॅस वाचवायला रात्री हीटर बंद केलात. लॅपलँडच्या सप्टेंबरात हीटर 16 ते 18 अंशांवर रात्रभर चालू हवा आणि त्या पाइपासमोर वीतभर जागा मोकळी. हे गाडी ताब्यात देताना दाखवायला हवं होतं, आणि आम्ही दाखवलं नाही. त्या रात्रीचं भाडं परत करत आहोत.

सिलिंडरचं मात्र मान्य नाही. गाडी परत आल्यावर तो काट्यावर ठेवला. वर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं, तर आत पूर्ण 11 किलो प्रोपेन होता. सिलिंडर बदलला की रबरी नळीच्या तोंडाशी असलेलं हिरवं बटण एकदा दाबावं लागतं. नळी तुटली तर गॅस बंद करणारी ती सुरक्षा आहे आणि ते बटण दाबेपर्यंत गॅस पुढे जात नाही. ही पायरी सूचनापत्रकात चित्रासह आहे. अंदाजासाठी सांगतो: आपल्या गाडीतला हीटर पूर्ण जोरावर तासाला 480 ग्रॅमपर्यंत गॅस खातो, मंद चालला तर 160. म्हणजे एक सिलिंडर कमीत कमी 23 तास, मंद आचेवर जवळजवळ तीन दिवस.

नुओर्गामला ऑफिसने नव्हे, फोनने फसवलं. तिथे तेनो नदी हीच सरहद्द. नॉर्वेचं घड्याळ फिनलंडच्या एक तास मागे असतं. पलीकडच्या काठाचा नॉर्वेचा टॉवर पकडला की फोन एक तास मागे जातो, आपण फिनलंडमध्ये उभे असलात तरी; म्हणून फोनवर वेळेत वाटलं तरी आपण उशिरा पोचलात. उत्स्योकीपासून पुढे फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद ठेवावी आणि भिंतीवरच्या घड्याळावर भरवसा ठेवावा.

बटाट्यांवरून काढलेला चिमटा समजला. पाच किलो बटाटे सरहद्दीआधी संपवा असं आम्ही सांगितलं, कारण प्रवाशांना नॉर्वेत बटाटे नेण्यास बंदीच आहे. कांदे-टोमॅटो चालतात. भाजी आदल्या रात्री करून टाकायची, दुसरं काय!

आता टॉयलेट. कॅसेट, म्हणजे टॉयलेटखालची काढता येणारी मैल्याची टाकी, काठोकाठ भरून परत आली, म्हणून 80 युरो. हे कमी होणार नाहीत. वाटेत रिकामी करायला जागा नव्हती असं आपण म्हणता, पण इनारी आणि उत्स्योकी दोन्हीकडे कॅम्पिंगवर ती सोय आहे, थोडे पैसे देऊन वापरता येते. जंगलातल्या लाकडी शौचालयात आपण ओतली नाहीत हे फार चांगलं केलंत. कॅसेटमधल्या रसायनाने तिथल्या मैल्याचं कुजणं थांबतं. कॅसेट रिकामी करताना तिच्यावरचं हवा आत घेणारं बटण तोंड खाली झाल्यावरच दाबावं, नाहीतर भसकन बुटांवर येतं. मग दोन लिटर पाणी घालून खळखळवून पुन्हा ओतावं.

बुकिंगच्या ईमेलला उत्तर म्हणून आपला बँक खाते क्रमांक पाठवा, म्हणजे परताव्याचे पैसे लगेच पाठवतो. हिरव्या बटणावर आता लाल पट्टी लावली आहे.