यंत्र म्हणते, डिस्क नाही

इंदूर महापालिकेची कचरागाडी सकाळी सातच्या सुमारास गाणे वाजवीत आमच्या गल्लीत शिरते, तेव्हा आमच्या घरातील दोन जिवांचे काळीज धडधडू लागते. एक जीव माझा आणि दुसरा टीव्हीखालच्या कप्प्यात गेली एकोणीस वर्षे ठाण मांडून बसलेल्या डीव्हीडी प्लेयरचा. २०१७ साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले आणि तेव्हापासून या शहराला निरुपयोगी वस्तूंविषयी जी चीड उत्पन्न झाली, तिची झळ जुन्या वस्तूंना जीव लावणाऱ्या माझ्यासारख्या नवऱ्यांनाच अधिक बसली. त्या गाडीत ओला, सुका, प्लास्टिक असे करत करत बिघडलेल्या विद्युत उपकरणांसाठीही एक स्वतंत्र कप्पा आहे, हे हिला ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून वरपक्षाने मुलीची उंची न्याहाळावी तशी ती प्लेयरला न्याहाळू लागली. तो कप्प्यात आडवा मावेल की उभा, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

प्लेयर वाचला तो आमच्या लग्नामुळे. आमचे लग्न १९९९ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरला, लष्कर भागात झाले. २०२४ च्या डिसेंबरात त्याला पंचवीस वर्षे होत असल्याने माझे मेहुणे सहकुटुंब इंदूरला यायचे ठरले, आणि पोहे-जिलेबी, सराफ्यातील रात्रीची खादाडी वगैरे ठरलेल्या कार्यक्रमांत हिने स्वतःच एक नवे कलम घातले : सगळ्यांनी मिळून लग्नाची फिल्म पाहायची. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

फिल्म आमच्याकडे दोन रूपांत आहे. मूळ रूप व्हीएचएस कॅसेटचे. तिच्या खिडकीतून डोकावल्यास टेपच्या कडेवर पांढऱ्या बुरशीची नक्षी दिसते आणि ती लावायला व्हीसीआर नाही. व्हीसीआर बनविणारी जगातील शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई. भरभराटीच्या काळात वर्षाला दीड कोटी यंत्रे विकणाऱ्या या कंपनीने सुटे भागच मिळेनासे झाल्यामुळे २०१६ च्या जुलैमध्ये हात टेकले. मात्र त्याच्या आदल्या वर्षीही तिने साडेसात लाख व्हीसीआर विकले होते. जगात आपल्यासारखी आणखी साडेसात लाख माणसे होती, या आकड्याने मला अनेक रात्री शांत झोप दिली आहे.

दुसरे रूप डीव्हीडीचे. २००६ साली एका स्टुडिओवाल्याने कॅसेटवरून ती करून दिली आणि देताना म्हणाला, "भिया, अब सौ साल की छुट्टी!" शंभर वर्षांचे आश्वासन त्याने डिस्कविषयी दिले होते, ती ज्यात घालायची त्या यंत्राविषयी तो काही बोलला नव्हता आणि मीही विचारले नव्हते. त्या काळी विचारण्यासारखे काही नव्हतेच. पुढच्याच वर्षी मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाजी आणायला गेलेला माणूस कोथिंबिरीच्या जुडीबरोबर सिनेमा घेऊन घरी येई. माझ्या कपाटात असे दीडशेच्या वर सिनेमे आहेत. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. सिनेमे मात्र अजून कपाटात आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे धडधाकट आहेत. माहितीप्रमाणे म्हणण्याचे कारण एवढेच की त्यांची खुशाली विचारण्याची सोय उरलेली नाही.

पाहुणे यायच्या पाच दिवस आधी मी प्लेयर पुसला, डिस्क बनियनच्या मऊ तुकड्याने मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसू नये, हे मी घरातील प्रत्येकाला किमान दहा वेळा सांगितले आहे) आणि बटण दाबले. ट्रे अर्धा बाहेर आला, थांबला, पुन्हा आत गेला. ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल झाला की असे होते. मी वरून एक थाप मारली; जुन्या यंत्रांना ही भाषा कळते. ट्रे बाहेर आला, मी डिस्क ठेवली, आत गुरगुर झाली, आणि पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे उमटली : डिस्क नाही.

या उत्तरातील कोडगेपणाचा मला नेहमीच अचंबा वाटत आला आहे. डिस्क वाचता येत नाही, असे म्हणावे. माझे डोळे गेले, असे म्हणावे. पण माझ्या डोळ्यांदेखत गिळलेली डिस्क मुळी नाहीच, हे म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याने ताट वाढलेच नव्हते म्हणून सांगण्यासारखे झाले. गाण्यांच्या कॅसेटचे असे नव्हते. ती आजारी पडली की कण्हत असे, गायिकेचा आवाज जाडा होई, टेप बाहेर लोंबे, मग आपण षट्कोनी पेन्सिल तिच्या दातऱ्यात घालून ती गुंडाळावी आणि आजार निदान पुढच्या आठवड्यावर ढकलावा. तिचे दुखणे डोळ्यांना दिसत असे आणि उपचार कंपासपेटीत असे. डिस्क शेवटच्या क्षणापर्यंत ठणठणीत दिसते आणि मग एकदम गप्प होते.

"ब्लू-रे प्लेयर आहे ना आपल्याकडे," ही म्हणाली. होता खरा. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कांसाठीचे हे यंत्र डीव्हीडीही वाचते. हिच्या मामेभावाने तो २०१२ साली न्यू जर्सीहून प्रेमाने आणला होता आणि त्याचे खोके आजवर फुलदाणी ठेवण्याच्या कामी येत होते. हे यंत्र अमेरिकेच्या विजेवर चालते, म्हणजे आपल्या निम्म्या व्होल्टेजवर. त्यामुळे त्याला आधी एक ट्रान्सफॉर्मर लागला, जो वजनाने प्लेयरच्या दुप्पट होता आणि चालू झाल्यावर देव्हाऱ्यातल्या भुंग्यासारखा गुणगुणत होता. प्लेयर उजळला, आणि डिस्क मागण्याऐवजी त्याने सॉफ्टवेअरचे नवे रूप मागितले. ब्लू-रेच्या नव्या डिस्कांवर कुलपे बदलत असतात, त्यांच्या किल्ल्या कंपनी इंटरनेटवरून पाठवते, आणि कंपनीने पाठवणे थांबविले की धडधाकट यंत्र नव्या डिस्कांपुढे निरक्षर ठरते. आमच्या यंत्राच्या कंपनीने इंटरनेटवरचे ते पानच काढून टाकले होते. मला ब्लू-रे पाहायचीच नव्हती, त्यामुळे ती मागणी मी धुडकावली व लग्न आत घातले. या वेळी उत्तर अधिक सभ्य होते : ही डिस्क चालवता येत नाही. आपल्याकडचे चित्रीकरण पाल पद्धतीचे, सेकंदाला पंचवीस चित्रांचे. अमेरिकेची एनटीएससी पद्धत सेकंदाला जवळजवळ तीस चित्रांची. आमच्या विवाहाला सेकंदाला पाच चित्रे कमी पडत होती.

"काका, क्लाउडवर का नाही टाकत?" मेहुण्याच्या मुलीने फोनवरून विचारले. तिला मी सांगितले की टाकायला आधी डिस्कमधून काढावे लागेल, काढायला ड्राइव्ह लागेल, आणि तुझ्या, माझ्या व तुझ्या बाबांच्या लॅपटॉपला मिळून जेवढी भोके आहेत त्यांत डिस्क जाईल असे एकही नाही. ज्या नेटफ्लिक्सने १९९८ साली टपालाने डीव्हीडी पाठवून धंदा सुरू केला, त्यानेही २०२३ च्या सप्टेंबरात शेवटची डिस्क टपालात टाकून त्या खात्याला कुलूप लावले, हेही मी तिला सांगितले. तिने मोठ्या मनाने हळहळ व्यक्त केली. नेटफ्लिक्स कधी टपालाने यायचे, यावर तिचा विश्वास बसला नसावा.

मग मी प्लेयर पिशवीत घालून राजवाड्याकडे निघालो. जेल रोडवर मोबाइलच्या काचा आणि कव्हरे यांखेरीज काही विकले जाते, याची कोणतीही खूण आता दिसत नाही. चार दुकानदारांनी पिशवीत डोकावून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले, पाचव्याने गल्लीतल्या एका जिन्याखाली बोट दाखवले. तिथे सत्तरीचे एक उस्ताद बसले होते. त्यांच्या मागे भिंतभर मेलेले प्लेयर पुस्तकांसारखे उभे रचले होते आणि पुढ्यात काड्यापेटीएवढी एक उघडी वस्तू होती, जिच्या मध्यभागी मसुराच्या दाण्याएवढा निळसर काचेचा मणी लुकलुकत होता. त्यांनी माझे यंत्र उघडले, आत तशाच मण्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस अगदी अलगद, बाळाच्या डोळ्यातली चिपडे काढावीत तसा फिरवला, डिस्क लावून पाहिली आणि मान हलवली.

"मशीन तो घोड़े जैसी है, भिया. आँख गई है."

"बदलता येईल?"

"आँख बनती कहाँ है अब? किसी मरे हुए से निकालनी पड़ती है."

भिंतीवरच्या रचनेचा अर्थ मला तेव्हा उमगला. ती नेत्रपेढी होती. मात्र माझ्या गटाचा डोळा तिच्यात नव्हता. तेव्हा त्यांनी जुन्या डोळ्याच्या कडेला असलेला टाचणीच्या डोक्याएवढा स्क्रू किंचित फिरवला, त्याने लेसरचा विद्युतप्रवाह वाढतो व मंद दृष्टीला चार दिवस तेज येते, परंतु आयुष्य तेवढेच घटते, असे समजावून सांगितले. डिस्क उजेडाकडे धरून त्यांनी तिच्याविषयीही एक कटू सत्य ऐकवले. दुकानातील सिनेमाच्या डिस्कवर खाचा साच्याने उठवलेल्या असतात. आमची डिस्क मात्र एका रंगाच्या थरावर लेसरने डाग पाडून लिहिलेली, आणि रंग म्हटला की तो उन्हाने, उष्णतेने विटणारच. हिचा शालू अजून जसाच्या तसा आहे. विटले ते फक्त लग्न. अडीचशे रुपये देताना मी विचारले, की हे किती चालेल. ते म्हणाले, "जितना देखना है, जल्दी देख लो."

घरी आल्यावर ध्यानात आले की प्लेयरच्या मागे पिवळी, पांढरी व लाल अशी तीन भोके आहेत आणि नव्या टीव्हीच्या मागे या रंगांचे काहीही नाही. टीव्हीला एकच बारीक छिद्र असते, त्यात घालायची वीतभर वायर टीव्हीबरोबरच येते, आणि ती वायर कोणत्याही घरात दुसऱ्या दिवसापासून सापडत नाही. ती आमच्या कचरागाडीच्या योग्य त्या कप्प्यात गेली असावी, असा माझा संशय आहे. पण पुरावा नसल्याने मी पाचशे रुपयांची रूपांतर करणारी डबी आणली आणि गप्प बसलो.

तर ठरल्या रात्री बैठकीत चौदा माणसे जमली आणि लग्न सुरू झाले. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले गेल्याने वऱ्हाड एकजात गुटगुटीत दिसत होते. हिच्या काकूंनी, "मी तेव्हा इतकी जाड नव्हते गं," अशी हरकत नोंदवली. मी मात्र प्रथमच एखाद्या खात्यापित्या घरातला दिसत असल्याने टीव्हीची मांडणी बदलण्याची घाई केली नाही. ग्वाल्हेरची डिसेंबरची थंडी अशी, की शालूवर स्वेटर आणि फेट्याखाली मफलर. मुहूर्त जवळ आला, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके संपत आली, गुरुजींनी दीर्घ श्वास घेतला, "शुभमंगल साव" एवढे म्हटले, आणि चित्र थिजले.

प्लेयरने हार मानली नव्हती. आतून कटकट असा आवाज येत होता. बिचारा तो एक "धान" पुनःपुन्हा वाचू पाहत होता. गुरुजींचे तोंड उघडे, अक्षता हवेत, अंतरपाटाच्या एका बाजूला मी व दुसऱ्या बाजूला ही, आणि मध्ये स्वस्तिक. दहा मिनिटे आम्ही सर्वजण ते एकच चित्र पाहत बसलो आणि त्या दहा मिनिटांत जेवढे पाहिले तेवढे चालत्या फिल्ममध्ये कधीच पाहिले नव्हते. डावीकडच्या कोपऱ्यातील तपकिरी स्वेटर माझा हरवलेला असून तो मेहुण्यांच्या अंगावर आहे, हे काकूंनीच शोधून काढले.

"जिजाजी, म्हणजे लग्न अर्धवटच म्हणायचे की!" मेहुणे घाईघाईने म्हणाले, व स्वेटरचा विषय मागे पडला. सगळे हसले. ही हसली नाही.

"पुढे कन्यादान आहे," ती म्हणाली.

माझ्या लक्षात आले. सासरे गेले त्याला अकरा वर्षे झाली. लग्नाच्या दिवशी ते सकाळपासून आचारी, पाण्याचे पिंप आणि वरातीची गाडी यांच्या मागे धावत होते; कॅमेऱ्यासमोर ते बसले ते फक्त कन्यादानाला. म्हणजे अंतरपाटाच्या पलीकडे.

पाहुणे गेल्यावर मी तिला उस्तादांचे निदान सांगितले : डिस्क अजून पूर्ण गेलेली नाही, चांगला डोळा मिळाला तर पुढचे वाचता येईल. तिने काही उत्तर दिले नाही. पण त्या आठवड्यात तिच्या भिशीच्या मैत्रिणी आमच्याकडे एकेक करून येऊ लागल्या, आणि प्रत्येकीच्या हातात जुन्या साडीत किंवा पोत्यात गुंडाळलेले काहीतरी होते. शनिवारपर्यंत दारामागे सहा मेलेले प्लेयर जमले. प्रत्येकावर तिने कागद चिकटवून कोणाचा, कोणत्या सालचा, हे नीट लिहून ठेवले होते.

सोमवारी सकाळी गाणे वाजले. कचरा देताना उघड्या दारातून गाडीवरच्या मुलाची नजर त्या ढिगाकडे गेली आणि तो कर्तव्यभावनेने उजळला.

"भाभीजी, ये सब ई-वेस्ट है ना? लाओ, अलग वाले में डाल देता हूँ."

हिने दार अर्धे ओढून घेतले.

"नहीं भैया," ती म्हणाली, "इनका अभी ऑपरेशन है."