वेळ जातो तो मीटिंगच्या आधी
जपानी कंपन्या निर्णयाला फार वेळ लावतात, असं एका लेखात वाचलं. ते म्हणणं अर्धंच खरं. प्रस्तावाचा कागद, म्हणजे रिंगीशो, खालच्या टेबलावरून निघतो आणि खात्याखात्यांतून मंजुरीचे शिक्के घेत वर सरकतो. बाहेरच्या कंपनीनं थेट मोठ्या साहेबाला गाठून फारसं साधत नाही. आधी सेक्शनच्या काचोच्या, म्हणजे विभागप्रमुखाच्या, गळी उतरवावं लागतं. एकदा शिक्के पडले की मात्र काम झपाट्यानं होतं, हे लेखात आलंच नाही.

आणि नुसता पैसा ओतूनही भागत नाही. कारफूर या फ्रेंच सुपरमार्केट कंपनीनं २००० साली जपानात पहिलं दुकान थाटलं आणि २००५ मध्ये आठही दुकानं इऑन या जपानी दुकानसाखळीला विकून गाशा गुंडाळला. गिऱ्हाईक आलं फ्रेंच माल बघायला, पुढ्यात तेच रोजचं जपानी सामान!