उजवा आरसा, मुक्काम सातारा

लहानपणी मी चपला उलट्या घालायचो. "मोठा झाला की सुधारेल," असं आई शेजारणींना सांगायची. मी मोठा झालो आणि चाकणला गाड्यांच्या पार्टच्या गोदामात पिकिंग-पॅकिंगला लागलो.

स्कॅनरवर रॅकचा नंबर येतो, तिथे जायचं, माल उचलायचा, टेबलावर आणून खोक्यात भरायचा. ऑइल फिल्टर, ब्रेक शू असला रोजचा खपाऊ माल हाताशीच असतो. सायलेन्सर मात्र पार टोकाला, आणि तो कुठल्याच खोक्यात मावत नाही. पुठ्ठे कापून त्याला अंगरखा शिवावा लागतो. मारुती ८०० तयार होणं २०१४ सालीच थांबलं, पण तिची क्लच प्लेट मागणारे थांबलेले नाहीत. तो रॅक माझ्या पायांना पाठ आहे.

चुकीचा माल उचलला की स्कॅनर बोंबलतो. पण लहान गॅरेजवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर येतात आणि चिठ्ठीवर उतरतात. चिठ्ठी काही बोंबलत नाही. "शॉकअप १ जोडी, वायसर २०, उजवा आरसा १. सातारा."

उजवा म्हणजे कुणाचा उजवा? मी डोळ्यांसमोर गाडी उभी केली. ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या उजव्या हाताला आलेल्या बाजूचा आरसा मी तीन वेढे बबल रॅप लावून पाठवला.

चौथ्या दिवशी परत. "क्लीनर साईडचा पाठवलाय. ड्रायव्हर साईडचा पाहिजे!" मी माफी मागितली, परत आलेला आरसा रॅकवर ठेवला, उजव्याच्या कप्प्यातून दुसरा काढला आणि त्याच दिवशी रवाना केला.

पुन्हा फोन. "भाऊ, हा तोच आहे. खोक्यावर माझाच ग्रीसचा अंगठा आहे!"

परत आलेला डावा मी उजव्याच्या कप्प्यात ठेवला होता, आणि वरचाच उचलला होता. आमच्या गोदामात एवढा प्रवास कुणालाच घडलेला नाही, सुपरवायझर साहेबांनाही.

तिसऱ्या वेळी धोका पत्करायचा नाही म्हणून दोन रॅकच्या मधे क्रेट पालथा घातला. त्यावर बसलो. दोन्ही हातांत हवेतलं स्टिअरिंग धरलं, डोळे मिटले, गिअर टाकला, आणि खिडकीतून बाहेर बघावं तशी मान वळवली.

डोळे उघडले तर शेजारी साहेब.

"कुठे निघालास?"

"साताऱ्याला, साहेब."